सोल चिकटवला, पुन्हा सुटला: गोंद नक्की कुठं राहिला ते आधी बघा

पहिल्यांदा सोल सुटला तो सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत. फर्स्ट शिफ्ट संपवून कामाच्या बुटांवरच गेलो होतो. होम मैदानावर पाय ठेवायला जागा नाही, पोरगी पाळण्याकडे हात ओढतेय आणि उजव्या बुटाचं पुढचं तोंड आ वासून बसलेलं. पावलागणिक फटक-फटक. बायकोनं पिशवीचा बंद तोडून दिला, तो बुटाभोवती गुंडाळला आणि तसाच लंगडत पाळण्यात बसलो. दुसऱ्यांदा सुटला मार्चअखेर, तिसऱ्यांदा मेमध्ये. तोच बूट, तोच पाय, जवळजवळ तीच जागा. पाच महिन्यांत तीनदा.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बॉयलर हाऊसचा तापलेला पत्रा, डाइंगची ओली फरशी, बाहेर उन्हात पोळलेलं डांबर, असा दिवसभराचा फेरा. बूट स्वस्तातले नव्हते. जाड कातडं, रबरी सोल, पोलादी टो (बोटांवरची टोपी). त्यामुळे फेकवेना. दर वेळी मी एकच उपाय केला: मागच्यापेक्षा जास्त गोंद. पहिल्यांदा एका दुकानात चिकटवून घेतला, दुसऱ्यांदा घरीच सोल्युशनचा, म्हणजे चर्मकार वापरतात त्या गोंदाचा, जाड हात मारला आणि वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या दोन ट्यूब ओतल्या. ट्यूबमधला गोंद काचेसारखा कडक होतो. बूट पुढच्या बाजूला दिवसाला हजारो वेळा वाकतो. काच वाकत नाही, तडकते. बुटाला हा गोंद लावू नये हे एवढ्यात संपवतो, कारण खरी गोष्ट पुढं आहे.

तिसऱ्यांदा सुटला तेव्हा नवी पेठेच्या बाजूला रस्त्याकडेला बसणाऱ्या चर्मकार मामांकडे गेलो. मला वाटलं, सोल्युशनचा डबा उघडतील, ब्रश फिरवतील, हातोडी मारतील, संपलं. त्यांनी डब्याला हातच लावला नाही. अर्धवट चिकटलेला सोल रापीनं (चामडं कापायच्या पात्यानं) आणखी उघडला, बूट उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "मालक, चिकटवायचं नंतर. आधी गोंद कुठं राहिलाय ते बघा."

हा एक प्रश्न मी पाच महिन्यांत स्वतःला विचारला नव्हता. सुटलेल्या जागी दोन पृष्ठभाग असतात, वरचं कातडं आणि खालचा सोल. मधला जुना गोंद कुणाकडे गेला, कसा गेला, यावरून जोड का तुटला ते जवळजवळ कळतं. गोंद "कमी पडला" असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा दोघांपैकी एकानं तो धरलेलाच नसतो.

म्हणून तुमच्या बुटाचा सोल वारंवार सुटत असेल, तर नवा गोंद लावण्याआधी त्याला पूर्ण उघडा आणि उन्हात धरून बघा.

गोंद सगळा सोलवर, कातडं मात्र कोरं

माझी दुसरी वेळ हीच होती, फक्त तेव्हा मला वाचता आली नाही. सोलवर पिवळट थर जसाच्या तसा, कातड्याची कड गुळगुळीत, किंचित तेलकट. म्हणजे कातड्यानं गोंद धरलाच नाही. कारणं तीन असू शकतात: कातडं खरवडलंच नाही, त्यावर पॉलिश किंवा मेण होतं, किंवा त्यात तेल मुरलं होतं. माझ्या बाबतीत तिन्ही होती. त्यातलं तेल हा माझा स्वतःचा पराक्रम.

आमच्या घरी करडईचं घाण्याचं तेल असतं. आजोबा मोटेच्या कातड्याला हेच तेल चोळायचे, त्यामुळे "कातड्याला करडई" हे डोक्यात पक्कं. दर रविवारी मी बुटांना फडक्यानं तेल चोळायचो, शिवणीत आणि सोलच्या कडेला तर जरा जास्तच, म्हणजे आत मुरेल. मुरलंच. कातडं तेल पितं आणि ते हळूहळू खाली, गोंदाच्या जागेपर्यंत उतरतं. तिथं ते गोंदाला मऊ करतं आणि नवा गोंद लावला तर त्याला बसू देत नाही.

मामांनी यावर जे सांगितलं ते मला फार आवडलं. मोट रोज पाण्यात बुडायची. तिला पाणी अडवणारा थर हवा होता आणि ती पूर्ण शिवलेली होती, तिच्यात गोंद कुठं होता? कोल्हापुरीचंही तसंच. ते कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, टाके कातड्याच्याच वादीचे. त्याला तेल मानवतं. (कोल्हापुरीच्या जीआय मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपला सोलापूरही आहे, हे माझ्या कोल्हापूरच्या साडूला मी दर दिवाळीला ऐकवतो.) बुटाचं कातडं मात्र बहुधा क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांत) कमावलेलं असतं आणि त्यात लागणारं तेल कारखान्यातच भरलेलं असतं. त्याला वरून थोडंसंच लागतं.

करडईची आणखी एक खोड आहे. हे तेल हवेत हळूहळू सुकून चिकट साय धरतं, रंगात घालतात त्या जवसाच्या तेलासारखं. आमच्या खात्यात टॉवेलचा बुरा हवेत तरंगत असतो. माझ्या बुटांवर तो असा बसायचा की बुटांनाच लव फुटल्यासारखी वाटायची. शेजारचा फिटर एकदा म्हणाला, "काय बे, बुटाला स्वेटर घाललालास का?" खोबरेल तेल सुकत नाही, पण जास्त झालं तर कातडं ढिलं पडतं आणि काही महिन्यांनी खवट वास येतो.

यावर उपाय: कड रापीनं किंवा ४० ते ६० नंबरच्या सँडपेपरनं खरवडायची. चमकदार पापुद्रा जाऊन खालचे तंतू मखमलीसारखे उभे राहिले पाहिजेत. मग थिनरच्या फडक्यानं पुसायचं, फडकं दर वेळी बदलायचं, फडक्याला तेलाचा डाग येणं थांबेपर्यंत. माझ्या बुटाला पाच फडकी लागली. खरवडताना सोलच्या कडेच्या वर जाऊ नका, नाहीतर चिकटवल्यावर बूटभर पांढरी रेघ दिसते. आधी सोल लावून पेन्सिलनं रेघ मारा आणि तिच्या आतच खरवडा.

गोंद सगळा कातड्यावर, सोल मात्र स्वच्छ

इथं दोष सोलकडे. सगळे काळे सोल रबर नसतात आणि सगळ्यांना एकच सोल्युशन चालत नाही. पिवळसर सोल्युशन, जे बहुतेक ठिकाणी मिळतं, ते निओप्रीन या कृत्रिम रबराचं. कातडं आणि खऱ्या रबराला ते चांगलं. पण पीव्हीसीचा सोल असेल तर त्यातलं मऊ ठेवणारं तेल काही आठवड्यांत बाहेर झिरपतं आणि सोल्युशनची वाट लावतं. त्याला पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, पारदर्शक सोल्युशन लागतं. टीपीआर (तापवल्यावर वितळणारं रबर), ईव्हीए (फेसासारखं हलकं प्लॅस्टिक) आणि साच्यातून नव्याने काढलेलं रबर यांना गोंदाआधी त्या-त्या जातीचं प्रायमर लागतं, नाहीतर सोल चकचकीत सुटतो.

ओळखायचं कसं? ईव्हीए अगदी हलकं असतं, नखानं दाबलं की खड्डा पडतो. पीयूला काप मारला तर बारीक बुडबुड्यांची जाळी दिसते. उरलेल्यांसाठी मामांची सुई: लाल केलेली सुई सोलच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला टोचायची. वितळून तार आली तर टीपीआर किंवा पीव्हीसीसारखं प्लॅस्टिक. न वितळता नुसता धूर आला तर पक्कं रबर. धूर नाकात घेऊ नका, पीव्हीसीचा तर मुळीच नाही. आणि सुई टोचताना थिनरची बाटली दहा हात लांब.

नव्या सोलवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो. तो दिसत नाही. खरवडल्याशिवाय जात नाही. 

गोंद दोन्हीकडे, मध्ये तारा

मेमधली माझी तिसरी वेळ. सोल ओढला तर गुळाच्या पाकासारखी तार येत होती. मामा म्हणाले, "बघा, एकतारी." याचा अर्थ दोघांनीही गोंद धरला होता, पण गोंदच स्वतःला धरून राहिला नाही. हे सोलापूरचं खास दुखणं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

निओप्रीनचं साधं सोल्युशन तापलं की मऊ होतं, साठ-सत्तर अंशांच्या आसपास त्याचा जोर बराच उतरतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, ती सावलीतली हवा. त्याच दुपारी डांबराचं तोंड ६० अंशांच्या वर असतं. बंद मोटारसायकलीच्या डिकीत, पत्र्याच्या शेडमध्ये, गच्चीवर वाळत ठेवलेल्या बुटात काय होत असेल ते बघा. माझा बूट दुपारी बॉयलरपुढच्या पत्र्यावर, मग बाहेर डांबरावर, मग पार्किंगमध्ये गाडीवर. जिथं गोंद मऊ, तिथंच मी चवडा वाकवतो. सुटणारच.

त्यात गोंद जाड असेल तर आणखी लवकर. वरून सुकलेला, आतून ओला असा थर कधीच पक्का होत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात हीच फसवणूक होते: झळांच्या वाऱ्यात सोल्युशनवर तीन-चार मिनिटांत साय धरते, बोटाला लागत नाही, आपण म्हणतो झालं. आतलं थिनर अजून उडालेलं नसतं. त्यामुळे उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळी, सावलीत, पंखा बंद ठेवून करायचं. पावसाळ्यात उलटं: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि गोंदावर दुधी छटा येते. ती आली तर पुसून पुन्हा लावा.

माझ्या बुटावर मामांनी केलं ते असं. कातड्यावर पहिला हात पातळ, तो कातडं पिऊन टाकतं. पूर्ण सुकू दिला. मग दोन्हीकडे दुसरा पातळ हात. या वेळी सोल्युशनमध्ये हार्डनर घातला, शंभर ग्रॅमला तीन ते पाच ग्रॅम इतका. हार्डनरमुळे उष्णता सोसायची ताकद बरीच वाढते, पण कालवलेलं सोल्युशन काही तासांत वापरून संपवावं लागतं, म्हणून रस्त्यावर एका बुटासाठी कुणी सहसा कालवत नाही. तुम्ही मागितलं पाहिजे आणि त्याचे वेगळे पैसे द्यायला हवेत. मी आमच्या दोन सहकाऱ्यांचेही बूट नेले, म्हणजे एकदा कालवलेलं वाया गेलं नाही.

मग दहा-पंधरा मिनिटं थांबून बोटाची पाठ टेकवली. चिकटलं नाही. हेअर ड्रायरनं दोन्ही बाजू गरम केल्या, गोंद पुन्हा जागा झाला आणि मग जोड लावला. हा गोंद एकदा टेकला की हलवता येत नाही, म्हणून टोकाकडून सुरुवात करून अंगठ्यानं मध्यावर, मग कडांकडे. त्यानंतर हातोडी. इथं माझा मोठा गैरसमज गेला: मी घरी चिकटवलेल्या बुटावर रात्रभर पाटा ठेवला होता. अशा गोंदाला किती वेळ दाबलं याला महत्त्व नाही, पहिल्या क्षणी किती जोरात दाबलं याला आहे. मामांनी बूट ऐरणीवर चढवून मधून बाहेर, बोटभर अंतरानं, सगळीकडे ठोकला. वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळली आणि सांगितलं, चोवीस तास पाय घालायचा नाही, तीन दिवस बॉयलरजवळ जायचं नाही. तीन दिवस मी जुने बूट घातले, ज्यातून पाणी येतं.

थिनर आणि सोल्युशनचा वास डोक्यात जातो. काम उघड्यावर करा आणि जवळ विडी, उदबत्ती, गॅस काही नको.

गोंदाचा प्रश्नच नाही, सोलचा चुरा होतोय

आमच्या खात्यातल्या एकानं चांगल्या कंपनीचे बूट घेऊन "जपून" ठेवले होते. कपाटात, खोक्यात, पाच-सहा वर्षं. एका वर्धापनदिनाला घातले आणि दुपारपर्यंत सोलचा कडक भाकरीसारखा चुरा झाला. अक्षरशः. फरशीवर तुकड्यांची रांग, याच्या टेबलापासून स्टोअरपर्यंत. तो दुकानावर चिडला, मीही सुरुवातीला त्याच्याच बाजूचा होतो.

हा पीयू सोलचा स्वभाव आहे. पॉलिएस्टर जातीच्या पीयूला हवेतली ओल आतून खाते, साखळ्या तुटत जातात आणि वरून सगळं ठीक दिसत असताना आतून भुसा होतो. उष्णता आणि दमट, बंद जागा यांनी ते लवकर होतं. वापरात असलेला बूट उलट बरा राहतो, कारण त्याला हवा लागते. म्हणून पीयूचे बूट जपून ठेवायचे नसतात, घालायचे असतात. दोन वर्षांचा साठा करून ठेवण्याचा सल्ला आमचे स्टोअरवाले देतात, तो पीयूच्या बाबतीत ऐकू नका.

चुरा होणाऱ्या सोलला कुठलाच गोंद लागू नाही. नख दाबून बघा. खपली निघाली तर सोल पूर्ण काढून टाकायचा, जुन्या पीयूचा कणही ठेवायचा नाही, आणि त्या जागी रबरी सोल. वरचं कातडं चांगलं असेल तर हे करण्यात अर्थ आहे. काही बुटांत पीयू थेट कातड्यावर ओतलेला असतो, तो सोलून निघत नाही, घासून काढावा लागतो. काम किचकट आहे आणि प्रत्येक जण घेत नाही.

कातडंच फाटून आलं

गोंदाबरोबर सोलवर कातड्याचा पापुद्रा चिकटून आला, तर गोंदानं आपलं काम केलं, कातडं दमलंय. घाम, ऊन, आणि आमच्याकडे कॉस्टिक. टॉवेल कारखान्यात कॉस्टिक सोडा असतोच आणि कातडं जात्याच किंचित आम्लधर्मी. कॉस्टिक लागलं की कातडं फुगतं, मग वाळून कडक आणि ठिसूळ होतं. टाकीजवळ काम असेल तर तिथं कातडी बूट घालूच नये, गमबूट घालावेत. शिंतोडा उडालाच तर लगेच भरपूर साध्या पाण्यानं धुवा.

तसंच कपड्याच्या साबणाचं. पावडरीच्या फेसात बूट बुडवून घासणारे लोक मी बघितलेत, माझे वडील त्यातले. बूट चकाचक होतात आणि चार महिन्यांत चवड्याच्या घडीवर भेगा. ओलं फडकं पुरतं. घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ओल्या फडक्यानं दोन-तीनदा पुसून सावलीत वाळवा. मीठ आत राहिलं तर तेच कातडं चिरतं. ओला बूट बॉयलरच्या पाइपवर वाळत घालू नका. हे मी सांगतोय आणि पावसाळ्यात आमच्या पाइपवर आजही सहा जोड असतात. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवला तर रात्रीत वाळतो, बोळे एकदा बदलावे लागतात.

काळ्या मातीबद्दल शेतावर जाणाऱ्यांना सांगायला नको. सप्टेंबरच्या पावसात रानात दहा पावलं टाकली की प्रत्येक बुटाला किलोभर चिखल, आणि पाय उचलताना सगळा भार चवड्याच्या जोडावर. ती माती बुटावर पूर्ण वाळू देऊ नका. वाळताना ती आक्रसते आणि कातड्यातली ओल ओढून घेते. अर्धवट ओली असतानाच काडीनं काढा.

आता तेलपाणी. मी करडई बंद केली. दीड-दोन महिन्यांतून एकदा, मेण असलेलं बुटाचं क्रीम वाटाण्याएवढं बोटावर घेऊन चवड्याच्या घडीवर आणि जिभेच्या मुळाशी चोळतो. सोलच्या जोडापासून बोटभर अंतर सोडून. एवढंच.

शिवलेला सोल असेल तर

माझ्या मेव्हण्याकडे वेल्टचे बूट आहेत. यात वरच्या कातड्याला कडेनं एक पट्टी शिवलेली असते आणि सोल त्या पट्टीला शिवतात, पायाखालच्या तळाला नाही. त्यामुळे जुना सोल उसवून नवा शिवता येतो, वरच्या बुटाला धक्का न लावता. गुडइयर वेल्ट म्हणतात ती पद्धत चार्ल्स गुडइयर ज्युनियरच्या नावानं आहे, रबर पक्कं करण्याची रीत शोधणारा गुडइयर हा त्याचा बाप. पट्टी शाबूत असेल तर असा बूट दोन-तीनदा सहज नवा सोल घेतो.

पण खोट्या टाक्यांपासून सावध. काही चिकटवलेल्या सोलच्या कडेला नुसती शोभेची शिवण असते, कधी साच्यातच उमटवलेली. वरच्या पट्टीवरचे टाके आणि सोलच्या खालच्या खाचेतले टाके जुळतात का ते बघा. खाली काहीच नसेल तर तो चिकटवलेला बूट, भाव करताना वेल्टचा म्हणून पैसे देऊ नका.

वेल्टच्या बुटाची तक्रार वेगळी असते: सोल पुढून सुटत नाही, टाके झिजून तुटतात. सोल टाक्यांपर्यंत झिजायच्या आत नेला पाहिजे. मेव्हण्यानं उशीर केला, चवड्याखाली पैशाएवढं भोक पडेपर्यंत चालला. आतलं बुचाचं भरण ओलं होऊन बाहेर आलं होतं, ते पूर्ण बदलावं लागलं.

शिवणाऱ्याला एकच गोष्ट बजावून सांगा: पट्टीतली जुनी भोकंच वापरायची. आरीनं मधे मधे नवी भोकं पाडली तर पट्टी टपाल तिकिटासारखी फाटते. आणि मेण लावलेला दोरा खाचेत खोल बसला पाहिजे, वर राहिला तर पहिल्या महिन्यात घासून जातो. मामांनी हे हातानं केलं, एका बुटाला अख्खी दुपार. मेव्हणा मधूनच "टायरचा सोल मारू का, कधीच झिजणार नाही" म्हणत होता. मामा हसले. टायर झिजत नाही हे खरं, पण वाकतही नाही, आणि न वाकणारा सोल आपला राग पट्टीवर काढतो.

माझ्या चिकटवलेल्या बुटालाही मामांनी शेवटी चवड्याच्या भागात कडेनं टाके घातले. रबराच्या जाड कडेतून, खाच पाडून. आता गोंद मऊ झाला तरी सोल तोंड उघडत नाही.

सेफ्टी बुटांबद्दल दोन गोष्टी, विनोद न करता

भारतीय मानक आयएस १५२९८ नुसार सेफ्टी बुटाचा टो २०० जूलचा आघात सोसतो. तो आघात एकदा बसला की टो संपला, बाहेरून पोचा दिसो वा न दिसो. त्या बुटाला नवा सोल लावण्यात पैसे घालू नका. गरम जागी काम असेल तर सोल नायट्राइल रबराचा घ्या. बुटावर एचआरओ अशी खूण असते, म्हणजे तो सोल ३०० अंशांचा स्पर्श एक मिनिट सोसतो अशी चाचणी झालेली असते. अर्थात नवा सोल लावला की मूळ चाचणीचा दाखला संपतो, हे सेफ्टी ऑफिसरला सांगून करा.

आणि वायरमन मंडळींनो, विजेपासून संरक्षण देणाऱ्या बुटाला चुका, खिळे, टाचेची नाल, काहीही लोखंडी मारून घेऊ नका. टाच झिजू नये म्हणून नाल मारण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. खिळा सोलमधून आत गेला की विजेला वाट मिळाली. चर्मकाराला तुमचं काम काय ते माहीत नसतं, बूट देतानाच सांगा. पाणी आत येण्याचंही तेच कारण, पण तो दुय्यम प्रश्न.

मामांकडून बूट आणून आता अकरा महिने झाले. मधला एप्रिल गेला, मे अर्धा संपलाय. पुढचा जोड मी दर रविवारी नखानं तपासतो, तेल न लावता. फक्त टाचेचं रबर बाहेरच्या बाजूनं तिरकं झिजलंय, अजून चार-पाच मिलिमीटर उरलंय. ते संपून वरचा ठोकळा झिजायला लागला तर काम वाढतं, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी एक चक्कर नवी पेठेत आहे. मेव्हणाही येतो म्हणालाय, या वेळी भोक पडायच्या आधी.